एका लिटरमागचे बारा रुपये : पुणे, बंगळुरू आणि संगमनेरच्या गोठ्याचा हिशेब

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, दूध चार रुपयांनी वाढवलं गं यांनी. निळी पिशवी आता शेहेचाळीसला लिटर." चांगलीच वैतागली होती ती. त्याच सकाळी मी पुण्यात गाईच्या दुधाच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या ५८ रुपयांना आणल्या होत्या. आणि संगमनेर तालुक्यात आमच्या दादाच्या गोठ्यात पाच संकरित गाई आहेत, त्याला त्या दहा दिवसांच्या बिलात लिटरला ३३ रुपये पडले होते.

तिघंही एकाच आईची लेकरं. एकीला ४६ जास्त वाटतात, दुसरी ५८ देते, आणि तिसऱ्याचा ३३ मध्ये गोठा चालत नाही. त्या रात्री वहीच्या पानावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले. पुढचा महिनाभर मी त्यांच्याच मागे होते. दादाच्या पावत्या, बहिणीने पाठवलेले पिशव्यांचे फोटो, वर्तमानपत्रांतल्या भाववाढीच्या बातम्या आणि हिशेबाची वही, एवढंच साहित्य. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे. दुधाच्या भावावर घरोघरी जे बोललं जातं, त्यात या हिशेबातला निम्मा भाग येतच नाही, असं मला आता वाटतं.

आधी दूध कोणतं, ते बघा

माझी पहिली चूक सरळ होती. मी ४६ आणि ५८ यांची वजाबाकी करून मोकळी झाले. दादाला फोनवर सांगितलं, "बंगळुरूपेक्षा आपल्याकडे बारा रुपये जास्त घेतात बघ." तो म्हणाला, "फॅट किती?"

संकलन केंद्रावर रोज दोन वेळा कॅन घेऊन जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिला सुचतो. शहरात आम्हाला तो शेवटपर्यंत सुचत नाही. बहिणीची निळी पिशवी टोन्ड दुधाची आहे, म्हणजे ३ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ टक्के एसएनएफ. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात जे घन उरतं ते: प्रथिनं, दुधाची साखर, क्षार. माझी गाईची पिशवी ३.५ आणि ८.५ ची. फुल क्रीम म्हणून जे विकतात ते ६ आणि ९ चं. उरलेलं सगळं पाणी. दोन शहरांतल्या दुधाचा भाव लावताना आपण बरेचदा वेगवेगळ्या प्रमाणात पाणी असलेल्या दोन वस्तूंची तुलना करत असतो.

म्हणून सगळे भाव घन पदार्थांच्या किलोवर आणले. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. त्यातून बंगळुरूच्या टोन्ड लिटरमध्ये ११८ ग्रॅमच्या थोडं वर घन निघतं, माझ्या गाईच्या लिटरमध्ये १२३-१२४ ग्रॅम, फुल क्रीममध्ये दीडशेच्या पुढे. भाव घेतले ते एप्रिलअखेर-मे २०२५ चे.

हिशेब असा आला. चेन्नईत आविनचं (तमिळनाडूच्या सहकारी महासंघाचं) निळ्या पिशवीतलं टोन्ड दूध ४० रुपये लिटर, म्हणजे घनाचा किलो ३३८ रुपयांना. बंगळुरूचं नंदिनी, म्हणजे बहिणीची निळी पिशवी, ४६, म्हणजे ३८८. केरळात मिल्माचं (तिथल्या सहकारी महासंघाचं) टोन्ड ५२, म्हणजे ४३९. दिल्लीत मदर डेअरीचं फुल क्रीम ६९, म्हणजे ४४७ च्या आसपास. पुण्यातलं माझं गाईचं दूध ५८, म्हणजे ४६९. पुण्यातलं म्हशीचं, ६ आणि ९ चं धरून, ७४, म्हणजे ४७९. आणि दिल्लीतल्या त्याच मदर डेअरीची टोन्ड पिशवी ५७ रुपयांना, म्हणजे ४८१.

मला सगळ्यात धक्का दिला तो या शेवटच्या आकड्याने. दिल्लीतला ६९ रुपयांचा लिटर ऐकायला महाग, पण त्याच दुकानातला ५७ चा लिटर प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा महाग पडतो. महिन्याचं बजेट ओढाताणीचं असलं की माणूस स्वस्त पिशवी उचलतो, आणि त्यात दुधातलं सत्त्व त्याला जास्त भावाने मिळतं. लहान मुलं असलेल्या घराने फुल क्रीम घेऊन त्यात थोडं पाणी घातलं, तर त्याच पैशांत जास्त दूध होईल. आमच्या आईने हे आयुष्यभर केलं. आम्ही तिला 'दुधात पाणी घालते' म्हणून चिडवायचो.

दादाने यावरही हरकत घेतली, आणि ती बरोबर होती. फॅटचा किलो आणि एसएनएफचा किलो एकाच भावाने धरता येत नाही, फॅट महाग असते. मग एसएनएफला फॅटच्या दोन-तृतीयांश किंमत धरून पुन्हा मांडणी केली. चेन्नई आणि बंगळुरू तळाशीच राहिले, दिल्लीचं टोन्ड वरच राहिलं. बदल झाला तो मधे: पुण्यातलं ७४ रुपयांचं म्हशीचं दूध ५८ रुपयांच्या गाईच्या दुधापेक्षा किंचित स्वस्त निघालं. सोसायटीच्या गेटवर उभ्या उभ्या कुणाला सांगितलं, तर खरं वाटणार नाही.

पिशवीच बदलली तर

बंगळुरूची 'चार रुपये वाढ' नीट तपासायला घेतली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ऑगस्ट २०२३ पासून नंदिनीचं टोन्ड ४२ रुपये लिटर होतं. जून २०२४ मध्ये कर्नाटक दूध महामंडळाने पिशवीमागे दोन रुपये वाढवले आणि प्रत्येक पिशवीत ५० मिली दूधही वाढवलं. लिटरची पिशवी १०५० मिलीची झाली, किंमत ४४. तेव्हा महामंडळाकडे रोजचं संकलन एक कोटी लिटरच्या जवळ गेलं होतं. दूध ठेवायचं कुठे हा प्रश्न होता, म्हणून ते पिशवीत घालून विकलं. भागाकार केला तर १०५० मिलीला ४४ म्हणजे लिटरला ४१ रुपये ९० पैसे. वाढ झालीच नव्हती. लोकांना एवढंच करावं लागलं की रोज थोडं जास्त दूध विकत घ्यावं लागलं.

१ एप्रिल २०२५ ला ते जादा ५० मिली काढून घेतलं आणि लिटर ४६ चा केला. छापील किमतीकडे पाहिलं तर ४४ चे ४६, दोनच रुपये. खरी वाढ चारची. बहीण दरमहा नेमके हिशेब ठेवणारी आहे, म्हणून तिला कळलं.

तमिळनाडूने उलट्या बाजूने तेच केलं. मे २०२१ मध्ये नवं सरकार आलं तेव्हा आविनच्या टोन्ड दुधाचा भाव ४३ वरून ४० केला. निवडणुकीतल्या त्या वचनाला हात लावायचा नव्हता. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये नारिंगी पिशवीतलं फुल क्रीम ४८ वरून थेट ६० वर नेलं. पुढच्या वर्षी हिरव्या पिशवीतलं ४.५ फॅटचं दूध बंद करून त्याच ४४ रुपयांत जांभळ्या पिशवीतलं ३.५ फॅटचं दूध देण्याचं जाहीर झालं, आणि चेन्नईत ओरड झाली. किंमत तीच, फॅट एक टक्क्याने कमी. शंभर लिटरमागे किलोभर फॅट गिऱ्हाइकाच्या घरी न जाता डेअरीतच राहते. तिचं तूप किंवा लोणी होतं. भाववाढ ती भाववाढच, पिशवीवर छापली नाही एवढंच.

बहिणीच्या पिशवीतले न दिसणारे पाच रुपये

आता मूळ प्रश्न. बंगळुरूला स्वस्त का पडतं?

एक कारण सरकारी तिजोरीत आहे. कर्नाटकात सहकारी संस्थेला दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला सरकार लिटरमागे प्रोत्साहन रक्कम देतं. २००८ मध्ये दोन रुपयांनी सुरुवात झाली, २०१३ मध्ये ती चार झाली, मग पाच. जिल्ह्याचा दूध संघ जो भाव देतो तो वेगळा, हे पैसे सरकारकडून सरळ खात्यावर येतात. दिवसाला ८० लाख लिटर धरले तरी रोजचे चार कोटी रुपये होतात. ते पैसे वेळेवर येत नाहीत, महिनोन्महिने थकतात, अशी तिकडच्या शेतकऱ्यांची तक्रार असते. पण मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, तरी योजना बंद झालेली नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे.

म्हणजे बहीण दुकानात ४६ देते आणि कर भरून आणखी पाच देते. खरा लिटर ५१ चा. घनाच्या किलोवर आणला तर ४३१ रुपये. माझा ४६९. दोन्ही शहरांतला ८१ रुपयांचा फरक ३८ वर आला. निम्म्याहून जास्त स्वस्ताई बहीण स्वतःच, दुसऱ्या खिशातून भरते आहे.

उरलेले ३८ रुपये माझ्या एका लिटरवर मोजले तर साधारण पावणेपाच रुपये होतात. तेवढे मी खरोखरच जास्त देते. आता हे जादा पैसे दादाकडे पोचत असते, तर मी तक्रार केली नसती.

बहिणीच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा भाऊ रामनगरजवळच्या गावी सहकारी दूध सोसायटीत दूध घालतो. त्याच्या पासबुकाचं पान तिने मला पाठवलं. एप्रिलमधली वाढ धरून त्याला संघाकडून ३५ आणि वर सरकारचे पाच, असे ४० पडत होते. हे एका माणसाचं पासबुक आहे, सगळ्या कर्नाटकाचं नाही. प्रत्येक जिल्हा संघाचा भाव वेगळा असतो. तरी ते पान आणि दादाची पावती शेजारी ठेवली, तेव्हा मला गप्प बसवेना. दादाला ३३, त्याला ४०.

मी लिटरला पाच रुपये जास्त देते आणि माझ्या भावाला सात रुपये कमी मिळतात. हेच ते बारा रुपये. पहिल्या दिवशी ४६ आणि ५८ च्या वजाबाकीत जो आकडा आला होता, तोच योगायोगाने पुन्हा आला, पण या वेळी त्याचा अर्थ निराळा होता.

२०२३-२४ : दादाचं वाईट वर्ष

हे बारा रुपये नेहमी इतकेच नसतात. सर्वांत वाईट वर्षी ते याहून बरेच जास्त होते.

२०२३ च्या सुरुवातीला दादाला ३६ च्या आसपास भाव मिळत होता. त्याने त्या जोरावर दोन कालवडी वाढवल्या, मुरघासाचा, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा मोठा केला. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने गाईच्या ३.५ आणि ८.५ च्या दुधाला किमान ३४ रुपये भाव ठरवला. ऐकून बरं वाटलं होतं. दिवाळीपर्यंत दादाच्या पावतीवर २६ आले.

दहा रुपये गेले कुठे? उत्तर भुकटीत होतं. पुण्या-मुंबईत पिशवीतून विकलं जातं ते महाराष्ट्राच्या दुधाचा एक भाग. उरलेल्याची भुकटी आणि लोणी होतं. शंभर लिटर गाईच्या दुधातून साधारण साडेआठ किलो भुकटी निघते. त्या वर्षात भुकटीचा किलोचा भाव तीनशेच्या वरून दोनशेच्या आसपास आला. किलोला शंभर रुपये गेले, म्हणजे शंभर लिटरमागे ८५०, लिटरमागे साडेआठ रुपये. लोणीही उतरलं होतं. दादाचे दहा रुपये तिथे होते. कुणी चोरून नेले नव्हते, पण नुकसान वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा ते सगळं त्याच्याच पदरात टाकलं गेलं. त्या काळात माझी पिशवी एक रुपयानेही उतरली नाही.

ज्या डेअऱ्या पिशवी आणि भुकटी दोन्ही करतात त्यांचं म्हणणं असं की पिशवीतला नफा भुकटीचा तोटा भरण्यात जातो. हे खरं असू शकतं. पण मग प्रश्न असा की तो तोटा सोसायला दुसरं कुणीच का नव्हतं? सरकारने ३४ ठरवले तेव्हा ते न देणाऱ्यावर काय कारवाई होईल हे ठरलं नव्हतं. राज्यातलं तीन-चतुर्थांशाच्या आसपास दूध खासगी प्रकल्प घेतात, आणि बाजार पडला की भाव पाडायला त्यांना कुणी अडवू शकत नाही. त्या हिवाळ्यात दूधभावासाठी आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात उपोषण झालं, पुढच्या पावसाळ्यात त्याच तालुक्यातल्या कोतुळला धरणं आंदोलन झालं. दादा दोन्हीकडे गेला होता. एका दिवसाचं दूध त्याने शेजारच्या वाडीतल्या मुलांना वाटलं. रस्त्यावर ओतायला हात धजेना, म्हणाला.

मग अनुदान आलं. ११ जानेवारी ते १० मार्च २०२४, डेअरीने किमान २७ द्यायचे, वर सरकारचे पाच. गाईच्या कानात बिल्ला हवा, तो ऑनलाइन नोंदलेला हवा, बँक खातं आधारला जोडलेलं हवं. दादाच्या पाचपैकी दोन गाईंचे बिल्ले आधीच्या मालकाच्या नावावर निघाले. वहिनींनी तीन वेळा तालुक्याला खेटे घातले. त्या दोन गाईंच्या दुधाचं अनुदान मिळालंच नाही. मार्चनंतर साडेतीन महिने काहीच नव्हतं. १ जुलैपासून पुन्हा सुरू झालं: डेअरीचे ३०, सरकारचे पाच. ऑक्टोबरपासून सरकारने पाचाचे सात केले.

सात झाल्याची बातमी आली तेव्हा मी आनंदाने दादाला फोन केला. तो म्हणाला, "बातमी पुरती वाच." डेअरीने द्यायचा किमान भाव त्याच वेळी ३० वरून २८ केला होता. तीस आणि पाच पस्तीस, अठ्ठावीस आणि सात पस्तीस. शेतकऱ्याच्या हातात एक पैसा वाढला नाही. वाढीव दोन रुपयांनी डेअरीचा भार हलका झाला. मी ती बातमी दोनदा वाचली होती, आणि तरी मला ते दिसलं नव्हतं.

तिकडे भुकटीचं काय करतात

दूध जास्त झालं की भुकटी करावी लागते, ते कर्नाटकातही तसंच आहे. फरक पुढे पडतो. १ ऑगस्ट २०१३ ला तिथे क्षीरभाग्य योजना सुरू झाली. शाळा आणि अंगणवाड्यांतल्या मुलांना भुकटीपासून केलेलं १५० मिली दूध, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, पुढे पाच दिवस. भुकटी महामंडळाची. बाजारात भुकटीला कुणी विचारत नसलं तरी एक मोठं, ठरलेलं गिऱ्हाईक कायम असतं, आणि त्याच भुकटीतून पोरांच्या पोटात दूध जातं. रामनगरच्या त्या माणसाचा भाव आमच्यासारखा दाणकन पडला नाही, त्यामागे मला तरी हे कारण मोठं वाटतं.

दुसरा फरक नावाचा. कर्नाटकात गावची सोसायटी, जिल्ह्याचा संघ आणि वर महामंडळ ही तीन पायऱ्यांची रचना सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने उभी राहिली. सगळ्या संघांचं दूध एकाच 'नंदिनी' नावाने विकलं जातं. एप्रिल २०२३ मध्ये अमूल बंगळुरूत ताजं दूध आणणार म्हटल्यावर विधानसभेची निवडणूक दुधावर आली, ती उगीच नाही. महाराष्ट्रात एकाच दुकानाच्या फ्रीजमध्ये सात-आठ नावांच्या पिशव्या असतात. निवड करायला मलाही आवडतं. पण या सगळ्या पिशव्या दुकानदाराच्या फ्रीजमध्ये जागा मिळवण्यासाठी एकमेकींवर चढाओढीने कमिशन लावतात, आणि ते कमिशन माझ्या ५८ मधूनच जातं. सरकारच्या दूध योजनेचं 'आरे' नावापुरतं उरलं आहे, राज्य महासंघाचं 'महानंद' २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती सोपवावं लागलं.

तरी महाराष्ट्राला हे जमतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. त्याच वाईट हिवाळ्यात कोल्हापुरात गोकुळचा गाईच्या दुधाचा भाव तिशीच्या वर राहिला. गोकुळचं पुष्कळसं दूध पिशवीतून मुंबई-पुण्याला जातं, भुकटीवरची भिस्त कमी. दादाच्या मेहुण्याचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कागल तालुक्यात आहे. भाऊबीजेला दोघांनी पावत्या पुढे ठेवल्या, आणि जेवताना कुणी दुधाचा विषय काढला नाही.

चेन्नई आणि केरळ

चेन्नईचा ४० चा लिटर सर्वांत स्वस्त. डिसेंबर २०२३ पासून आविन शेतकऱ्याला गाईच्या दुधाचे ३५ आणि तीन रुपये प्रोत्साहन देतं. ३८ ला घेऊन ४० ला विकायचं, आणि मधे थंड करणं, वाहतूक, पिशवी, दुकानदार. हे दोन रुपयांत कुठेच बसत नाही. सरकार भर घालतं, ६० रुपयांचं फुल क्रीम भर घालतं, तूप भर घालतं. प्रोत्साहन मिळायच्या आधी खासगी डेअऱ्या जास्त भाव देऊ लागल्या तेव्हा शेतकरी तिकडे वळले आणि आविनकडे येणारं दूध घटलं. गिऱ्हाइकाचा भाव गोठवून ठेवला की त्याची झळ आधी गोठ्यात लागते, हे तिथे दिसलं.

मला मनापासून पटला तो केरळचा मार्ग, तिथला ५२ चा लिटर महाग असूनही. १ डिसेंबर २०२२ ला मिल्माने लिटरला सहा रुपये वाढवले तेव्हा बरोबर हेही सांगितलं, की या सहामधले पाच रुपये आणि अडीच पैसे शेतकऱ्याला जातील. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण वाढीव पैसे कुणाकडे जाणार हे त्याला माहीत होतं. १५ मार्च २०२५ ला पुण्यात गाईचं दूध ५४-५६ वरून ५६-५८ झालं आणि म्हशीचं ७०-७२ वरून ७२-७४. त्या दोन रुपयांतले किती दादापर्यंत जाणार हे माझ्या पिशवीवर, दुकानात किंवा वर्तमानपत्रात मला कुठेही सापडलं नाही. दादाच्या पुढच्या दोन बिलांत पन्नास पैसे वाढलेले दिसले.

मावसभाऊ लंडनजवळ राहतो, त्यालाही मी या भानगडीत ओढलं. तिथे तेव्हा सुपरमार्केटमध्ये चार पाइंटची बाटली, म्हणजे २.२७ लिटर, १ पौंड ४५ पेन्सला. आपल्या पैशांत लिटर सत्तरच्या थोडा वर. पुण्यात म्हशीचं दूध ७४ ला मिळतं हे ऐकून तो थोडा वेळ काही बोललाच नाही. त्याचा एका तासाचा पगार माझ्या सोसायटीतल्या रखवालदाराच्या दिवसभराच्या पगाराहूनही जास्त आहे. त्या रखवालदाराच्या घरी तीन मुलं आहेत आणि रोज अर्धा लिटर टोन्ड येतं, चहासाठी.

वही अजून चालू आहे

एप्रिलअखेर मी दादाकडे गेले होते. पहाटे साडेपाचला वहिनी धारा काढत होत्या, दादा सरकी पेंड भिजवत होता. केंद्रावर त्याच्या पाठोपाठ मी गेले. कॅन ओतला, नमुना यंत्रात गेला, पडद्यावर ३.६ आणि ८.४ आलं. एसएनएफचा एक पॉइंट कमी, म्हणून लिटरला कपात. उन्हाळ्यात हिरवा चारा कमी पडला की एसएनएफ उतरतेच, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पावती फाडून हातात दिली. पावती पाहीपर्यंत त्या दिवसाचा भाव दादाला माहीत नव्हता.

परत येताना मी त्याला रामनगरच्या पासबुकाचं पान दाखवलं. ४० च्या आकड्यावर तो बोलेल असं मला वाटलं होतं. त्याने फोन डोळ्यांजवळ धरून तारखा पाहिल्या आणि विचारलं, "याला भाव बदलणार हे किती दिवस आधी कळलं?"

बहिणीला विचारलं. वाढ मार्चच्या अखेरीला जाहीर झाली होती, १ एप्रिलपासून लागू.

"म्हणजे दूध घालायच्या आधी कळलं," दादा म्हणाला, आणि फोन परत दिला.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिघं मिळून आम्ही त्या वहीत एक ओळ भरतो. बहिणीची पिशवी, तिचे मिली, माझी पिशवी, दादाचा भाव, फॅट, एसएनएफ, पेंडीच्या पोत्याची किंमत. मेची ओळ भरली तेव्हा बंगळुरूच्या रकान्यात ४६ होते, माझ्या रकान्यात ५८. दादाचा रकाना त्याने रिकामा ठेवायला सांगितला. दहा तारखेचं बिल निघाल्यावर भरू म्हणाला.